नंदूने हळूच म्हटलेलं 'नको'

नेरूळ, जून १९९७

चि. सिताराम यास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? गोजरा तुझ्यावर अजून ओरडते ना? ओरडत असेल तर दोघांची तब्येत ठीक आहे असं धरते. आम्ही इकडे बरे आहोत. (मी 'बरी हाव' सांगितलं होतं. नात दर्शनाच लिहायला बसलीय, ती लिहायला बसली की माझी भाषा आंघोळ करून येते.)

तर आपल्या दर्शनाला रत्नागिरीला मासळीच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय. हो, मासळीचंही कॉलेज असतं. मी जन्मभर टोपलीमागे बसले, मला कुणी हजेरी लावली नाही. तिच्या बापाने, नंदूने ऐकलं मात्र, म्हणाला, 'माझ्या मढ्यावरून जा.' पोरीला मासळीच्या वासातून काढायला हा ऑफिसात खुर्ची झिजवतो, आणि ती वास शोधत निघाली. मी घाबरले नाही. 'फुकट दिलंस तरी नको' म्हणणारं गिऱ्हाईक पिशवी उघडूनच उभं असतं. म्हणून त्याचा भाव कुठवर उतरतो ते ऐकत बसले. आधी 'सात जन्मांत नाही'. मग 'खाडी आटली तरी नाही'. मग 'रविवारची सुट्टी गेली तरी नाही' (रविवार म्हणजे त्याचा जीव, तेव्हाच ओळखलं की नमतोय). काल 'निदान यंदा तरी नाही'वर आला. म्हटलं, आता तराजू काढावा.

आज सकाळी त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, 'नको, आई.' बस. सिताराम, हळू 'नको' म्हणणारा पुढच्या टोपलीकडे गेलेला असतो. असं गिऱ्हाईक मला कधी थांबवता आलं नाही. तू मामा, तुझ्यापुढे तो मान वर करत नाही.

तुझी,
रंगूबाई
(अंगठा उठवू दिला नाही. शाई सांडते म्हणे.)

ता. क. नाव नोंदवायला सोमवारपर्यंतच मुदत आहे. रविवारी ये.

ता. क. आणखी एक. हे शेजारच्या अफशाकडून लिहून घेतेय, दर्शनाला ठाऊक नाही. नंदूला मी विचारलं, का नको? म्हणाला, 'ती गेली तर दुपारभर तू बोलणार कुणाशी?' शेजारी आहेत की, असं सांगायला तोंड उघडलं, आणि 'चहा निवतोय तुझा' म्हणाले. (अक्षर वाकडं आलं तर अफशाचा दोष, ती डोळे पुसत लिहितेय.) नंदूला मी पटवते. तू फक्त माझ्याजवळ बस, आणि मी दर्शनाला 'जा' म्हणेपर्यंत उठू नकोस.