काकांनी चढून पाहिलेली शिडी

४ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आधी मागच्या पत्रातली चूक सुधारते. रंगारी पडला तेव्हा शिडीच्या शेंड्यावर उभा होता, असं मी दादाच्या सांगण्यावरून लिहिलं. काल रंगाऱ्याच्या घरी जाऊन आले. तो पाचव्या पायरीवर होता. शिडी पाहिली. त्या पायरीला दोन रिव्हेट हवेत, एकच ठोकलेला.

गुडघ्यासाठी तुम्ही ताईकडे गेलात तेव्हापासून आपल्या दुकानातल्या शिड्यांवर कोणी चढलेलंच नाही. काकांना पेलते ती हत्तीला पेलते, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुमच्या चिरंजीवांनी, आपल्या दादाने, मात्र 'काकांनी चढून पाहिलेली' हा स्टिकर लावणं चालूच ठेवलं. म्हणजे तिकडे पलंगावर पडल्या पडल्या तुम्ही इकडे शिड्या चढत होतात!

रंगाऱ्याने भरपाईचा दावा लावलाय आणि साक्षीला मी. जीव थाऱ्यावर नाही. काय करू, कळवा. गुडघ्याला जपा.

तुमची,
धाकटी

९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून गुडघ्याबरोबर डोकंही ठणकलं. शिडी आपण ठेकेदाराला भाड्याने दिली. हा रंगारी आपला कोण लागतो? हे लोक आधी पडतात, मग दुकानदार शोधतात. आणि बाजारात कोण चढून बघतं? चारचौघं घेतात तेवढी काळजी घेतली की पुरे, असं आपले वकीलही म्हणतात. तू साक्षीत शेंडाच सांग, म्हणजे चूक त्याची ठरेल. खाल्ल्या घरचे वासे मोजू नकोस.

पोटभर जेवत जा, काडी झालीयेस म्हणे.

काका

१२ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

रंगारी कोण लागतो? शिडी चढणारा लागतो. ठेकेदार ती काय दिवाणखान्यात शोभेला ठेवणार होता? वर कोणीतरी चढणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. वकीलसाहेबांचे चारचौघं म्हणजे बाजारातले चार सगळ्यांत आळशी दिसतात. ते चढून बघत नाहीत, कबूल. पण चढलो असं लिहीत तरी नाहीत. ठेकेदाराकडे तीन शिड्या होत्या, रंगाऱ्याने स्टिकर वाचून आपल्या दुकानाची उचलली. आज त्याला उंबरठा ओलांडवत नाही.

दादाने काल उरलेले स्टिकर जाळले, एकूण एक मोजून. एवढी निगुती रिव्हेट ठोकताना कुठे गेली होती?

रागवा हवं तेवढं, पण लोभ तोडू नका.

तुमची,
धाकटी

ता. क. रंगाऱ्याच्या वकिलांना कळवलं आहे. साक्ष त्याच्या बाजूने देणार, मंगळवारी, १७ जूनला.