अकरा आवाज

५ जुलै २०२५, शनिवार

चार. फक्त चार!

गेल्या वर्षी याच आठवड्यात वहीत अकरा जातींचे बेडूक आहेत. तेव्हा प्रतिभा होती. आज नवसाबाईंच्या मळ्यातल्या तळ्याकाठी, त्याच दगडावर सव्वासात ते आठ एकटा बसलो. मोठा हिरवा, खडबडीत पाठीचा भेक आणि आणखी दोन. बाकी सगळं चिडीचूप.

प्रतिभानं बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर मला बेडकांच्या नादी लावलं. पावसाळ्यात दर शनिवारी दोघांनी ऐकायचं, मी लिहायचं. जानेवारीत जाण्याआधी एवढंच म्हणाली — "मोजणी चुकवू नकोस." चुकवली नाही. पण मोजायला उरलंय काय?

६ जुलै

अमोलचा बंगळुरूहून फोन. सांगितलं. "पप्पा, बेडूकच ना?" म्हणाला. मग — "आणि तो टीव्ही जरा बारीक करा हो." बारीकच होता. पोरगा झाला तरी किती ऐकून घ्यायचं!

१२ जुलै, शनिवार

पुन्हा चार.

बसल्या बसल्या हात सारखा डाव्या मनगटाकडे जात होता. प्रतिभा तिथे बोटांनी ठेका धरायची. झाडावरचा बेडूक असला की टक... टक... टक. झुडपातला इवलासा असला की भरभर. मग विचारायची, "ऐकलंस?" लग्नाला पंचेचाळीस वर्षं झालेली बाई नवसाबाईंच्या देखत नवऱ्याचा हात धरून बसते याची मला लाजच वाटायची. एकदा हात सोडवूनही घेतला होता. आता तिथे घड्याळही बांधवत नाही.

१५ जुलै

दिवसभर पाऊस. स्वयंपाक केला नाही, दूध-पोळी खाल्ली.

तिची जाड वही काढली. जगभरचे बेडूक तिनं त्यात जमवलेत, कात्रणं आणि पेन्सिलची चित्रं. एकाच्या पोटाची कातडी काचेसारखी, आत धडधडणारं काळीज दिसतं. चिलीतल्या एका जातीत बाप पिल्लांना गळ्याच्या पिशवीत वाढवतो. मग सॅलमँडर, बेडकांचे शेपटीवाले भाऊबंद — जपानच्या नदीतला जवळजवळ माणसाएवढा, आणि फुप्फुसंच नसलेले, कातडीनं श्वास घेणारे. सॅलमँडरची पानं बरीच आहेत. डोळे दुखायला लागले, वही मिटली.

मला ती सॅलमँडर म्हणायची. "आमचे सॅलमँडर आले," अशी ओळखसुद्धा करून द्यायची. मी सुस्त आणि ओल्यात बसणारा म्हणून असेल. चिडवायला जगात दुसरा प्राणी सापडला नाही बाईला. हसू आलं. घरात कोणी नसताना मोठ्यानं हसलं की फार विचित्र वाटतं.

१९ जुलै, शनिवार

चारच. आज डोकं फिरलं. बांधावर फवारणीचा पंप दिसला आणि नवसाबाईंना नको ते बोललो. "तुमच्या औषधानं मेले सगळे. प्रतिभाला काय तोंड दाखवलं असतंत?"

त्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. हात थांबला. "कोन मेलं, तात्या? इतके वरडू राहिले, पोरीचा फोन ऐकू येत नाय मला. ह्या झुडपात तर लय बारीक टिकटिक चालू हाय."

मी म्हणालो, "खोटं बोलू नका."

त्या पुन्हा जुड्या बांधायला लागल्या. निघताना एक जुडी माझ्या पिशवीत घातली. ती तशीच ओट्यावर पडलीय.

२१ जुलै

आमची मोजणी ज्या बेडूक-पाहणीसाठी जाते, तिचं काम बघणाऱ्या दिनेशला कळवलं — सात जाती नाहीशा. त्यानं पुरावा मागितला. शनिवारी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग पाठवलं. तासाभरात त्याचं उत्तर. "काका, यात मला नऊ ऐकू येतात. झुडपातला तर अगदी फोनजवळ आहे."

चार वेळा लावून ऐकलं. फोन कानाला चिकटवून ऐकलं. चार.

२४ जुलै

कान तपासले. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ नुसतं बटण हातात धरून बसलो.

डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. रेघ आधी बरी चालते, मग कड्यावरून पडावी तशी खाली. "नोकरी कुठे होती?" सातपूरला, कारखान्यात, प्रेस मशीनवर, तीस वर्षं. "मग हे आजकालचं नाही, काका. बारीक आवाज तुम्हाला निदान वीस वर्षं ऐकू येत नसणार."

शक्य नाही, म्हणालो. गेल्या वर्षी मी अकरा ऐकलेत. माझ्या हातानं लिहिलंय.

२५ जुलै

नवसाबाईंकडे गेलो. चुकलो म्हणालो. "बसा," म्हणाल्या, आणि चहा ठेवला.

२६ जुलै, शनिवार

मोजणीला गेलो नाही. सॅलमँडरची राहिलेली पानं वाचली. एका चित्राखाली तिचं अक्षर, तारीख ऑगस्ट २०११ — 'याला कानाचा पडदा नसतो. जमिनीतला हादरा अंगाला कळतो, तेच याचं ऐकणं. आमच्याकडचाही असाच. बोलले तर वाईट वाटून घेईल. आज मनगटावर वाजवून पाहिलं. लगेच म्हणाला, ऐकू आलं!'