ओळ एक्केचाळीस

३ सप्टेंबर

सकाळी साडेसहाला होस्टेलच्या गॅलरीत आम्ही मुली रांगेत उभ्या असायचो आणि सिस्टर हजेरी घ्यायच्या. नावं नाहीत, नंबर. मी चाळीस, गोगी एक्केचाळीस. गोगलगाईसारखी सगळ्यांच्या शेवटी यायची, म्हणून मुलींनी तिचं गोगी केलं होतं. हजेरीच्या वेळी ती हमखास पलंगाखाली दुसरा मोजा शोधत असायची. मग मी माझ्या आवाजात हजर म्हणायचे आणि एक श्वास थांबून, नाकातून, तिच्या आवाजात पुन्हा हजर. चार वर्षं हे असं चाललं. निरोपाच्या दिवशी सिस्टरनी माझा गाल ओढून सांगितलं की एक्केचाळीसला बारमाही सर्दी कशी, हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

आज बसमध्ये ही आठवण निघाली आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. दोघी सासष्टच्या, दोघींचे गुडघे कुरकुरणारे. डोंगराचं प्रत्येक वळण ओलांडलं की समोर एक नवा किल्ला. कुणाचे बुरूज शाबूत, कुणाचा एखादाच सुळका, बोळक्या तोंडातल्या दातासारखा. खाली उतारभर द्राक्षं. परदेशच्या या सहलीत गेले सहा दिवस आम्ही हेच बघतोय आणि कंटाळा म्हणून नाही.

हा शेवटचा मुक्काम, किल्ल्यातच. खोलीत हातभर जाडीच्या भिंती, दोन लोखंडी पलंग, मध्ये एक तांब्या. गोगी म्हणाली, मास्तरीणबाई, होस्टेलच आलं की परत! खिडकीतून मळा दिसतो. साठ ओळी सरळ नदीपर्यंत उतरत गेल्यात आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी खुंटावर पत्र्याचा नंबर.

आठ तारखेला परत निघायचं. गोगीच्या लेकीचे दिवस भरत आलेत. पहिलटकरीण आहे, आणि आई जवळ हवी म्हणून आत्तापासून हट्ट धरून बसलीय. गोगी बाळाची पिवळी टोपी विणतेय. अर्धी झाली. माझ्या मते बाळ शाळेत जाईतो पुरी होईल.

४ सप्टेंबर

मळ्यात तोडणी सुरू आहे. पहाटेचं धुकं विरलं की मुकादम किल्ल्याच्या पायऱ्यांवर उभा राहून हजेरी घेतो. काय सांगू, तोही नंबर पुकारतो! ज्याची जी ओळ तो त्याचा नंबर. आम्ही खिडकीत कोपरं टेकून शाळकरी पोरींसारख्या ऐकत होतो. एक्केचाळीस आला आणि कुणीच ओ दिली नाही. मुकादमाने हॅट काढली. चांगली दोन मिनिटं वाट पाहिली, मग पुढे गेला. गोगी म्हणाली, बघ, तिथलीही मोजाच शोधत असणार.

दुपारी मुकादमाने मळा दाखवला. फार सभ्य माणूस, आवाज मऊ. म्हणाला की वेली शंभर वर्षांच्या आहेत आणि वसंतात छाटल्या की रडतात. कापलेल्या टोकातून स्वच्छ पाणी ठिबकत राहतं. एक्केचाळीसच्या वेलींवर घड तसेच लोंबत होते. मी विचारलं, तर म्हणाला की त्या ओळीची बाई वसंतात संपली. मनुष्य मिळेपर्यंत त्या ओळीला कात्री लावायची नाही, असा कामाचा नियम आहे.

स्वयंपाकीणबाई सूप वाढताना किती दिवस राहणार ते विचारत होती. चार म्हटल्यावर तिला बरं वाटलेलं दिसलं.

५ सप्टेंबर

पाहुण्यांना एक दिवस तोडणीला जाता येतं. आम्ही अर्थातच नाव दिलं. मी कात्री आणि क्रेट घेऊन पायऱ्यांपाशी पोचले. गोगी, सांगायला नकोच, वर बुटाच्या नाड्यांशी झटत होती.

हजेरी सुरू झाली. एक्केचाळीस म्हटल्यावर पुन्हा ती शांतता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवून नाही. पन्नास वर्षांपूर्वीची सवय. नाकातून, तिच्या आवाजात, हजर.

सगळ्यांनी वळून पाहिलं. कुणी हसलं नाही. मुकादमाने फार अदबीने विचारलं की ही ओ कुणासाठी. तेवढ्यात गोगी कमरेवर हात ठेवून जिना उतरत होती. मी हसत तिच्याकडे बोट दाखवलं. त्याने वहीत लिहिलं आणि तिला हॅट काढून नमस्कार केला. तिला वाटलं, पाहुणचार. तिनेही मान लववली.

गंमत म्हणजे गोगीने दुपारपर्यंत अख्खी ओळ तोडली. भाजी निवडायला दोन तास घेणारी ही बाई! मी म्हटलं, तुझ्या सासूने पाहायला हवं होतं.

६ सप्टेंबर

जाग आली तर शेजारचा पलंग रिकामा, चादर ताणून घातलेली. इतक्या वर्षांत गोगी माझ्या आधी उठल्याचं मला आठवत नाही. ती खाली ओळीत होती, मातीत अनवाणी. म्हणाली की पायांना गार वाटतं.

बोटं जांभळी झालीत. साबण लावला, लिंबू चोळलं, जात नाही. जेवली नाही. नुसतं पाणी पीत होती, तांब्यावर तांब्या.

पत्र्याचा नंबर कुणीतरी घासूनपुसून लख्ख केलाय.

७ सप्टेंबर

मी तिच्या हातात विणकाम दिलं. तिने टोपी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं की ही कुणाची. मी म्हटलं, अगं, तुझ्या नातवंडाची. ती हसली. अनोळखी माणसाला वाईट वाटू नये म्हणून आपण हसतो, तसं.

ऊन लागलं असेल. या वयात होतं. उद्या निघायचंच आहे.

सकाळी तिचा नंबर आला तेव्हा तिने स्वतः ओ दिली. नाकातून. माझ्या नकलेतल्या आवाजात. तिचा आवाज तसा कधीच नव्हता, मीच तो वाढवून काढायचे.

८ सप्टेंबर

परत किल्ल्यात. कसं लिहू.

दुपारच्या बसमध्ये तिला बसवलं. हाताला धरून आणावं लागलं. नदीवरच्या पुलापर्यंत ठीक होती. पूल ओलांडला आणि तिची बोटं ठिबकायला लागली. घाम नाही, रक्त नाही, स्वच्छ पाणी. दाही बोटांच्या टोकांतून. माझा रुमाल भिजला, तिचा पदर भिजला, खाली थारोळं. ओठ सुकत चालले. आवाज न करता रडावं तशी ती नुसती गळत होती.

मी ओरडले. ड्रायव्हरने काही न विचारता बस वळवली, जणू त्याची नेहमीची वळायची जागा होती. पूल मागे पडताच पाणी थांबलं.

मुकादम फाटकाशी उभा होता. म्हणाला की सूप गार होतंय.

९ सप्टेंबर

स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं आणि स्वयंपाकीणबाईला सरळ विचारलं. ती कांदा चिरत होती, चिरतच बोलली. इथे नोकरीला कशा आलात म्हटलं, तर म्हणाली, बहिणीसाठी. बहीण तेवीस नंबरच्या ओळीत आहे. तीस वर्षं. तीही पाहुणीच होती. हिनेच कौतुकाने पुढे केली होती, जा गं, मजा येईल म्हणून.

ओळीला माणूस लागतो, म्हणाली, कोण ते ओळ विचारत नाही. तोडणी संपेपर्यंत वही उघडी असते. नंबर पुकारल्यावर दुसऱ्या कुणी आधी ओ दिली, स्वतःच्या आवाजात, स्वतःसाठी, तर पहिली सुटते. दोन दिवसांत सगळं आठवतं तिला. शेवटच्या दिवशी वही मिटली की मग नाही.

मी विचारलं, तुम्ही का नाही दिलीत?

हिंमत झाली नाही, म्हणाली. आता उपयोग नाही, तरी दर वर्षी पायऱ्यांपर्यंत जाते.

कांदा संपला होता. ती रिकाम्या पाटावर सुरी चालवत होती.

तोडणी अकरा तारखेला संपते.

१० सप्टेंबर

गोगीचे पाय धुतले. टाचांच्या भेगांतून पांढरे धागे निघालेत. वाळ्याच्या मुळांसारखे, बारीक. एक ओढला. ती दचकली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे ओळखीनं — नाही, उगीच वाटलं.

कचेरीत फोन आला. तिची लेक. कळा सुरू झाल्यात, दहा दिवस आधीच. रडत होती. म्हणाली, मावशी, आईला फोन दे ना, फक्त आवाज ऐकव. मी खोटं बोलले. म्हटलं, बाळा, ती मोजा शोधतेय.

मग रिसीव्हर हातात धरून — नाकातून — हॅलो म्हणावं असं क्षणभर आलं मनात. किती सोपं होतं. ठेवून दिला.

तिची वाट पाहणारं कुणीतरी आहे. माझ्याकडे पुस्तकं आहेत आणि एक तुळस.

बोट मी दाखवलं होतं.

११ सप्टेंबर

खिडकीत बसून टोपी पुरी केली. आता पायऱ्यांपाशी उभी आहे, माझी ही वही कठड्यावर. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय: सगळे ओळीत गेले की ही वही उचलायची आणि माझ्या शेजारच्या बाईला बसमध्ये बसवायचं, पूल ओलांडेपर्यंत कुठे थांबायचं नाही.

स्वयंपाकीणबाई दारात आली आहे. नेहमीसारखी, तिथपर्यंतच.

मुकादम सुरू झाला. एक. दोन. घाई नाही त्याला.

भावजयीला: माझी निळी शाल. नको नको म्हणेल, ऐकू नका. पुस्तकं शाळेला. नाव घालायचं तर होस्टेलच्या पोरींकडून असं घाला.

पंधरा.

भाच्याला आईची चांदीची पेन्सिल आणि कपाटाची किल्ली. किल्ली तांदळाच्या डब्यात. तुळस खालच्या मजल्यावरच्या बाईंना, रोज पाणी —

तेवीस. तेवीसने ओ दिली. स्वयंपाकीणबाईने तोंडावर हात —

गोगी माझ्या डाव्या हाताला उभी आहे. अनवाणी. ओठ आत्तापासून उघडे. ती इतकी तयार कधीच नसायची. गोगी, राणी, जन्मभर उशीर केलास, आज एकदाच —

एकतीस.

सगळ्यांना सांगा मी मजेत गेले. फार शोधू नका. इथे नका येऊ. कुणीही आलं तरी हजेरीच्या वेळी तोंड —

अडतीस.

माझा आवाज कसा होता? माझा स्वतःचा — नाकातून नको —

एकोणचाळीस.

चाळीस. माझाच होस्टेलचा नंबर. गप्प. गप्प. कुणीतरी ओ दिली त्याला.

टोपी बाळाला. लोकर संपली, गोंडा राहिलाय. गोगीला म्हणावं तू लाव. सावकाश. उशीर झाला तरी चाले —