माग थांबला तेव्हा

बेळगाव, ८ जुलै २०२४

ती. आत्यास,
सविनय जय भीम वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. नाहीतर इतकं लिहायला मला कोण लावणार? मुलांच्या फिजिओथेरपी केंद्रात माझी इंटर्नशिप चालली आहे. पोरं रडतात, मी गाणं म्हणते, मग ती जास्तच रडतात.

आज मात्र मन थाऱ्यावर नाही. वडगावची माधवी तिच्या लेकीला, तेजस्वीला, घेऊन केंद्रात यायची. पोरीच्या पायांत जोर कमी, अजून चालत नाही. पण धरून उभी राहू लागली होती. मागच्या आठवड्यात माधवी सहज बोलून गेली, की घरात यंत्रमाग चालू असला की ती पोरीला जुन्या साडीने खांबाला बांधते. माझा पारा चढला. सगळ्यांदेखत मी तिला विचारलं, की ही पोर आहे की वासरू? तिने पोरीला उचललं आणि गेली, ती परत आलीच नाही. फोनही घेत नाही. आता उपचार थांबले तर मिळवलेलं सगळं जाईल, असं केंद्रातल्या मॅडम म्हणतात. काय करू?

तुझी,
सुविधा

निपाणी, १३ जुलै

चि. सुविधास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि हसूच आलं. अगं, तुलाही मी बांधतच होते की! तुझी आई रोजगाराला जायची, तू माझ्याकडे. मी विड्या वळायला बसले की तू रांगत येऊन सुपातला तंबाखू तोंडात घालायचीस. एकदा डोळे फिरवलेस, तेव्हा डॉक्टरकडे पळालो. त्यानंतर माझं हिरवं लुगडं फाडलं. एक टोक तुझ्या कमरेला, दुसरं खांबाला. तू ते ओढून उभी राहायचीस आणि माझ्यावर ओरडायचीस. तोंड तुझं तेव्हापासूनच लई मोठं!

विड्या वळताना आम्ही अंगणात बसून गाणी म्हणायचो. आता कानाला काही कळत नाही, पण ती गाणी अजून ऐकू येतात. फार आठवण येते गं त्या दिवसांची.

मागात पोरीचा हात गेला असता म्हणजे? त्या बाईने तरी काय करावं? तू घरी जा तिच्या. आधी चहा घे, मग बोल.

तुझी,
आत्या

बेळगाव, २१ जुलै

ती. आत्यास,
सविनय जय भीम.

काल वडगावला गेले. मला बघून माधवी घाईने खांबाची गाठ सोडायला लागली. मला रडूच आलं. मी माफी मागितली आणि तुझ्या लुगड्याची गोष्ट सांगितली. तिला खरं वाटेना. मग हसली, चहा टाकला.

नंतर तीच साडी मी तेजस्वीच्या काखेतून घेतली आणि दोन्ही टोकं मागून धरली. माधवीने माग बंद केला, समोर बसली, हात पसरले. आत्या, पोरीने पावलं टाकली! सोमवारपासून दोघी पुन्हा येणार आहेत.

तुझी,
सुविधा

निपाणी, २७ जुलै

चि. सुविधास,
अनेक आशीर्वाद.

तू पहिलं पाऊल टाकलंस तेव्हा माझी मान सुपात होती. शेजारणीने हाक मारली, तोवर तू खाली बसलेली. त्या माउलीने माग थांबवला, फार बरं केलं. तिला माझा जय भीम सांग.

तेजस्वीने आधी कुठला पाय उचलला, आईकडे कशी बघत होती, सगळं सविस्तर लिही. तुझं बघायचं राहून गेलं गं.

माया आहेच, पत्र तेवढं येऊ दे.

तुझी,
आत्या