चौदावं गाणं

कडेगाव,
१२ ऑक्टोबर १९९८

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

आम्ही दोघं बरे आहोत. आबांचा खोकला कमी आहे. तू पाठवलेला सीडी प्लेअर नीट पोचला. आबांच्या गायन पार्टीच्या जुन्या कॅसेटांवरून तू पुण्यात सीडी करून घेतलीस, हे अख्ख्या गल्लीला कळलंय.

सीडीवरचं शेवटचं, चौदावं गाणं आबांनी ऐकलं का, असं तू दोन पत्रांत विचारलंस. त्याआधी मला एक सांग. यंत्रावर शफल नावाचं बटण आहे. डिक्शनरीत त्याचा अर्थ पिसणे असा आहे. पण पानं पिसली तरी बदामचा राजा एका डावात एकदाच येतो ना? इथं एक गाणं तीनदा वाजतं आणि चार गाणी वाजतच नाहीत. माझ्या मते सगळ्यांची पाळी झाल्याशिवाय कुणी परत येऊ नये. पार्टीत आबा असंच करायचे. मग बिघाड यंत्रात आहे की माझ्या समजुतीत?

आबांचा नियम तुला माहीत आहे. बुद्धवंदनेआधी कुणी तबल्यावर नुसती थाप मारली तरी ते मंचावरून उतरायचे. सीडीवरही वंदना पहिली आहे, पण आता यंत्र चालू केलं की दुसरंच गाणं लागतं. आबा बंद करतात, पुन्हा लावतात, पुन्हा बंद करतात. "भूषणनं खुळं मशीन धाडलंय," म्हणतात. यंत्र आल्यापासूनच्या दोन महिन्यांत तुझं नाव त्यांनी तेवढंच घेतलं.

बटण बंद करणं मला पहिल्या आठवड्यातच जमलं होतं. तरी रोज आबांच्या आधी जाऊन मीच ते दाबून ठेवत होते.

कारण पहिल्याच दिवशी आबा बाहेर गेले असताना चौदावं माझ्यासमोर वाजलं. त्यात गाणं नव्हतं, तू बोलत होतास. "आबा, आई गेल्याची तार जुन्या खोलीवर गेली. मला चौथ्या दिवशी मिळाली. नव्या पत्त्याचं माझं पत्र दीपमालाला पोचलं नसंल." मी यंत्राची वायरच उपसली. ओळीनं लागलं तर आबा चौदाव्यापर्यंत पोचतील, म्हणून रोज ते बटण.

दादा, पत्र पोचलं होतं. मी ते फोडलंच नव्हतं. आईचं सगळं दुखणं माझ्यावर टाकून तू गेलास, माझं डी.एड. अर्धवट राहिलं, म्हणून मला तुझा राग होता. तुझं पत्र तसंच ट्रंकेत टाकलं आणि पोस्टात जाऊन जुन्याच पत्त्यावर तार केली. पाचव्या दिवशी तू आलास तेव्हा आबांनी तुला तोंड उघडू दिलं नाही, दारातूनच परत पाठवलं. मी आत चुलीपाशी उभी होते. सगळं ऐकत होते, पण बाहेर आले नाही. आज दोन वर्षं मी कुठल्या तोंडानं आबांना जेवायला वाढते, मला कळत नाही.

काल काय झालं ते सांगते. पहिल्याच फटक्याला वंदना लागली. आबा खूश झाले, मांडी घालून बसले. वंदना संपली आणि लगेच तुझा आवाज आला. मधल्या बारा गाण्यांतलं एकही त्या यंत्राला आठवलं नाही. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग मला म्हणाले, "तार कुठल्या पत्त्यावर केलीवतीस?" मी म्हटलं, आठवत नाही. चहा टाकायच्या निमित्तानं उठले आणि दूध नसताना चूल पेटवून बसले.

इथवर लिहून आज सकाळी हे पत्र आबांना वाचून दाखवलं. अक्षर माझंच, तरी तीनदा अडखळले. ते मला मारतील असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी उंबऱ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "त्येचं लाव."

मी बटण बंद केलं आणि सवयीनं पहिल्यापासून लावलं, वंदना सुरू झाली. आबांनी हात वर करून मला थांबवलं.

"वंदना मागनं. आदी त्येचं लाव."

आतापर्यंत पाच वेळा लावलंय. पाकिटावरचा पत्ता मी ट्रंकेतल्या तुझ्या त्या पत्रावरून उतरवलाय, ते पत्र काल रात्री फोडलं. ये.

तुझा निरोप दोन वर्षं अडवून बसलेली,
तुझी बहीण
दीपमाला