विश्रांतीला ठेवलेली पेटी

शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

शी! नागपूरहून रात्रभर बसमध्ये अवघडून आलो, सोलापुरात पाय ठेवतो न ठेवतो तोच श्रीदेवीचा फोन — "यशपालदादा, एक पण रिपोर्ट उघडंना झालाय! काउंटरवर पन्नास माणसं हायेत!" तोंडसुद्धा न धुता तसाच भवानी पेठेत, लॅबवर.

स्क्रीनवर एकच ओळ — डेटाबेस सापडत नाही. इंटरनेट चालू. दिवे सगळे हिरवे. आणि कॉम्प्युटरच्या कपाळावर हळदकुंकू! की-बोर्डच्या फटीत अक्षता!!

खंडेनवमी. विसरलोच होतो. आमचे मालक डॉ. महेश्वर यांच्या वडिलांचे यंत्रमाग होते. त्या दिवशी माग पुसायचे, पूजा करायची आणि दसऱ्यापर्यंत बंद ठेवायचे — यंत्रांनाही विश्रांती पाहिजे म्हणे. माग गेले, लॅब आली, रीत राहिली. नमुन्यांचे फ्रीज तेवढे चालू ठेवतात, एवढी अक्कल शिल्लक आहे. बाकी सगळं बंद. आणि यंदा त्यात काउंटरखालच्या कपाटातली माझी पेटीसुद्धा! नेटवर्कची पेटी. ऑगस्टमध्ये मीच बसवलेली.

डॉक्टर सगळ्यांदेखत ओरडले, "ती पेटी कुणी बंद केली?" झाडलोटीच्या अक्कम्मा मावशी फडकं हातात घेऊन पुढे आल्या. "म्या केली की." बस, एवढंच. मीही सोडलं नाही — "मावशी, कळत नाही त्याला हात कशाला लावायचा?" पेशंट बघत होते. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फडकं पिळून दोरीवर टाकलं.

डॉक्टर म्हणाले, काय बिघडलं याचा यशपालचा रिपोर्ट येईपर्यंत कामावर येऊ नका. बाई सतरा वर्षं कुंभारीहून येते. तिची नोकरी आता माझ्या रिपोर्टवर!


शनिवार, ४ ऑक्टोबर

नीट लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

डेटाबेस ऑगस्टपासून क्लाउडवर आहे. त्याला एक नाव आहे. कॉम्प्युटर ते नाव विचारतो, कुणीतरी त्याला पत्ता सांगतं. आतला पत्ता मिळाला तर आमच्या खासगी वाटेने थेट आत. बाहेरचा मिळाला तर पुढे कुलूपबंद दार. आज काउंटरवरून नाव विचारलं — बाहेरचा पत्ता! क्लाउडमधल्याच एका मशीनवरून विचारलं — आतला, अगदी बरोबर. म्हणजे डेटाबेस धडधाकट, वाट धडधाकट. आम्हाला पत्ता सांगणाराच फिरलाय.

श्रीदेवीच्या कॉम्प्युटरवर आतला पत्ता हाताने लिहून टाकला. तो एक चालतोय. डॉक्टरांच्या चारही लॅब याच पेटीतून जोडलेल्या, त्यामुळे सगळ्यांचे रिपोर्ट त्या एका कॉम्प्युटरवरून निघतायत, रांग रस्त्यापर्यंत. असलं ठिगळ लावायची लाज वाटते.

क्लाउडच्या सपोर्टकडे तक्रार टाकली. चार तासांनी उत्तर — "कृपया आपला कॉम्प्युटर रीस्टार्ट करून पाहावा." वा! काय ती विद्वत्ता!


रविवार, ५ ऑक्टोबर

"आमच्या बाजूने सर्व सुरळीत आहे." दोनदा आलं, शब्दाला शब्द तेच.


सोमवार, ६ ऑक्टोबर

डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर उपमा, बोलणं घास चावत चावत. "यशपाल, ते बाहेरचं दार उघडं ठेव की आठ दिवस. कोण येतंय बघायला?"

कोण येतंय! त्यात माणसांची रक्तं आहेत. कुणाला कावीळ, कुणाला एड्स, कुणाची मुलगी लग्नाआधी गुपचूप तपासून गेलेली. सगळं जगासाठी उघडं ठेवायचं, का, तर काउंटरवर गर्दी होते! मी म्हणालो, लेखी द्या, मग उघडतो. त्यांनी उपम्यातली मिरची बाजूला काढली आणि विषय बदलला. "त्या अक्कम्माचं काय ते लवकर लिहून दे. बाई जुनी आहे, उगाच लोंबकळत ठेवायला नको."

जुनी आहे म्हणून लवकर हाकलायची! पूजा यांची, रीत यांची, नारळ यांनी फोडला, आणि शिक्षा फडकं मारणाऱ्या बाईला. बाहेर आल्यावर हात धुवावेसे वाटले.

सपोर्टने आज नवीन माणूस दिला. त्याने पहिल्यापासून सगळं पुन्हा विचारलं. मी क्लाउडवरच्या नोंदी तिसऱ्यांदा तपासल्या. नाव आहे, पत्ता आहे, जोडणी आहे. सगळं जागच्या जागी. मग कुठे मरतंय?


मंगळवार, ७ ऑक्टोबर

सापडलं.

पेटीत शिरलो. चार दिवस का शिरलो नव्हतो? कारण पेटी मी बसवलेली. दिवा हिरवा होता, इंटरनेट चालू होतं, आणि मी बसवलेलं काय तपासायचं! घमेंड, दुसरं काय.

पेटीचं काम एवढंच, की आमच्या डेटाबेसचं नाव कुणी विचारलं तर बाहेर जगाला विचारायचं नाही, क्लाउडच्या आतल्या यंत्रणेला विचारायचं. तेवढा एक नियम. नियमांची यादी उघडली — रिकामी. पांढरी फटक!

आठवलं सगळं. ऑगस्टमध्ये नियम लिहिला, चालू केला, रिपोर्ट धडाधड उघडायला लागले, डॉक्टरांनी पाठ थोपटली, मी घरी गेलो. नियम कायमचा साठवायला एक वेगळी आज्ञा द्यावी लागते. एक ओळ. ती दिलीच नाही. पेटी चालू होती तोवर तिच्या लक्षात राहिलं. एकदा बंद झाली, आणि गेलं. पूजेने नाही तर लाइट जाऊन पेटीची बॅटरी संपून हेच झालं असतं, आज नाही तर दिवाळीत.

नियम लिहिला. साठवला. पेटी तीनदा बंद करून चालू केली. नाव विचारलं — आतला पत्ता. तिन्ही वेळा. चारी लॅब सुरू. श्रीदेवीने टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना चहा सांगितला. मी माझा कप तसाच ठेवला.


बुधवार, ८ ऑक्टोबर

रिपोर्ट दिला. "कपाटातील यंत्र बंद केले गेल्याने त्यातील नियम नाहीसा झाला." एकही शब्द खोटा नाही. तरी अख्खं वाक्य खोटं आहे, हे मला माहीत आहे. साठवण्याबद्दल एक अक्षर नाही. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा खोडलं. नोकरीला जेमतेम सव्वा वर्ष झालंय. आईला आत्ता कुठे सगळ्यांना सांगता येतंय, पोरगा इंजिनीअर आहे, गावातच आहे.

दुपारी डॉक्टरांनी माझ्यासमोरच फोन लावला. "अक्कम्मा, आता येऊ नका. व्हय, कायमचंच." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. फार काही आलं नसावं, फोन लगेच ठेवला.

श्रीदेवी माझ्याशी दिवसभर बोलली नाही. निघताना तेवढं म्हणाली, "सतरा वर्षात त्या बाईच्या हातनं एक बाटली फुटली न्हाई, दादा."

शिसारी आली. डॉक्टरांची नाही. जेवलो मात्र दोन्ही वेळा, व्यवस्थित, भाकरी मागून घेऊन.


गुरुवार, ९ ऑक्टोबर

सांगून टाकलं! सकाळी केबिनमध्ये गेलो, उभ्याउभ्याच — "सर, चूक माझी आहे. नियम मी साठवला नव्हता. पेटी बंद झाल्यावर तो जाणारच होता."

मला वाटलं ओरडतील, काढून टाकतील. कसलं काय! मोबाइलमधून वर बघत म्हणाले, "विसरतंय माणूस, यशपाल. तू दुरुस्त केलंस ना? झालं तर मग." मी म्हणालो, मग मावशींना परत बोलवा. तर म्हणाले, "ते वेगळं. बंद तर तिनंच केली ना? कुणाला न विचारता? उद्या फ्रीज बंद करंल. आणि नवीन बाई ठरली पण."

मला पाठीवर थाप आणि तिला घरचा रस्ता! चूक साहेबाची असली की विसरणं, बाईची असली की गुन्हा. पण "कुणाला न विचारता" यावर मीही मान हलवली. तेवढं तर खरंच आहे. विचारायला पाहिजे होतं बाईने. एक फोन करायचा होता.

तरी उद्या कुंभारीला जाऊन येतो. माफी मागतो. माझ्या वाटणीचं मी बोललो, हे त्यांना कळायला हवं. आज सहा दिवसांनी जरा मोकळं वाटतंय.


शुक्रवार, १० ऑक्टोबर

मावशी दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. चटई टाकली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, नियम, साठवणं, डॉक्टर. त्यांना काही कळलं नाही, ऐकत राहिल्या. शेवटी मी म्हणालो, "पण मावशी, बंद करण्याआधी एकदा विचारायचं तरी."

"इचारलं की. तुमालाच फोन लावला व्हता. नवी पेटी हाय, बंद करू का र्‍हाऊ दे? तुमी म्हणला, करा करा, समदं बंद करा."

फोन काढला. एक तारीख, दुपारी चार दहा. आलेला कॉल, अठ्ठेचाळीस सेकंद. नागपूरच्या बसमध्ये होतो. गाणी चालू होती, मी हसत होतो.

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही तुम्ही?"

"कुनी बंद केली, एवढंच इचारलं डाक्टरनी. कुनी सांगितलं, ते कुटं इचारलं? आन् तुमी तितंच हुबे व्हता की. म्हणलं, तुमी सांगताल."