त्रेसष्टच्या सामन्याची जाळी

मी, एल्डन शूमाकर, वय त्र्याऐंशी, राहणार केटल फर्ड, इंडियाना, बीचर कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा निवृत्त प्रशिक्षक. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी जून हिला. अंगणातली बास्केटची रिंग तिने काढू नये. शेजारी कुरकुर करतील, करू द्यावी.

२. शिट्टी आणि खडूचा फळा बीचरच्या मुलींच्या संघाला. माझ्या पोरांपेक्षा त्या बऱ्या खेळतात.

३. १९६३ च्या अंतिम सामन्याची जाळी सेंट ऑडो कॉलेजचे तेव्हाचे प्रशिक्षक रॉस पेटिबोन यांना. आमच्याकडे जिंकणारा शिडीवर चढून रिंगची जाळी कापून नेतो. मी कापत होतो तेव्हा प्रेक्षक पॉपकॉर्न फेकून मारत होते.

त्या आठवड्यात माझे सात खेळाडू तापाने पडले होते. उरलेले पाचही खोकत होते. पेटिबोनची पोरं दमायचं नाव घेत नसत. म्हणून मी सांगितलं, चेंडू आपापसात फिरवा, बास्केटकडे बघूही नका. तेव्हा चेंडू किती वेळ हातात ठेवावा याला बंधन नव्हतं. नऊ विरुद्ध आठ असे जिंकलो. पुढच्या वर्षी आमच्या विभागाने ठरावीक सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकायचा नियम केला, मग इतरांनीही. खेळच पालटला.

पेटिबोनने हात मिळवला नाही. म्हणाला, "सामना जिंकलास, शूमाकर. बास्केटबॉल नाही खेळलास." तापाचं मी बोललो नाही, सबब वाटली असती. ते वाक्य एकोणपन्नास वर्षं डाचतं आहे. मरण्यापूर्वी त्याने ते मागे घ्यावं, एवढंच मला हवं आहे.

४. दुरुस्ती. साक्षीलाही त्यालाच बोलावलं, ही चूक माझी. तो काठी टेकत आला आणि कलम तीन दोनदा वाचलं.

"ताप होता तर बोलला का नाहीस रे गाढवा?"

"ऐकलं असतंस?"

"नसतं."

वकीलबाई लिंड यांनी बजावलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. जाळी किंवा सही, एकच काय ते ठरवा.

तो म्हणाला, "जाळी जिंकणाऱ्याची असते. पेन आण."

सबब जाळीही जूनकडे जाईल.

केटल फर्ड, ९ मार्च २०१२
सही: एल्डन शूमाकर

साक्षीदार:
मार्गो लिंड, वकील
रॉस पेटिबोन. सहीखाली स्वहस्ते: सामना मी पाहिला होता. तो बास्केटबॉलच होता.